बिनधुळीची मोटार

साहेबांच्या अंगावर धूळ बसू नये, एवढंच मला करायचं होतं. त्यापायी माझी मोटार, माझ्या बायकोच्या चार गोधड्या आणि तीस वर्षांच्या मास्तरकीत कमावलेली अब्रू, हे सगळं एकाच भगदाडात जाईल असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभा केला असता.

हे साहेब म्हणजे तलावाचे साहेब. आंबेटोल्याचा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधला. आम्ही जातीने कोहळी. कुठे पाळ घातली म्हणजे पाणी थांबेल हे आमच्या म्हाताऱ्यांना रानातून चालता चालता कळायचं, आणि त्यासाठी त्यांनी कुणाकडे अर्ज केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण मालगुजार वारले, वारस वयात आलेला नव्हता, आणि इस्टेट सरकारी देखरेखीखाली गेली. तेव्हापासून पाळीवर टोपलीभर माती टाकायची तरी कचेरीची मंजुरी लागू लागली. कोणत्या कचेरीची ते मी लिहीत नाही. माझं पेन्शन अजून चालू आहे.

पाळ दोन पावसाळे गळत होती. जुन्या मोहाच्या झाडाखाली आधी नुसती ओल दिसायची, मग बोटाएवढी धार लागली, मग मनगटाएवढी. येत्या पावसाळ्यात ती फुटणार हे गावातलं शेंबडं पोर सांगत होतं. पाळ फुटली की खालच्या बांध्या, म्हणजे धानाची सगळी खाचरं, वाहून जाणार, आणि आमच्याकडे धानाशिवाय दुसरं काही पिकत नाही. गावाने आपण होऊन माती टाकावी, तर दोन वर्षांपूर्वी तसं करणाऱ्या दोघांना विनापरवाना मातीला हात लावला म्हणून दंड झालेला. तेव्हा साहेबांनी यायचं, बघायचं, लिहायचं, आणि मग मंजुरी.

साहेब दोनदा आले. म्हणजे अर्जुनी मोरगावच्या स्टेशनवर उतरले, पाटलांच्या रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या मैलावरून परत गेले. स्टेशनपासून आमचं गाव सात मैल. रस्ता मुरमाचा. उन्हाळ्यात त्याच्यावर घोटाभर लाल धूळ असते आणि साहेबांचा घसा नाजूक होता. पावसाळ्यात दौरे काढायचे नाहीत असा कचेरीचा नियम. तिसऱ्या खेपेला पत्र आलं, की मे महिन्याच्या सत्तावीस तारखेस येण्याचे योजिले आहे, मात्र स्टेशनपासून धूळविरहित वाहनाची सोय असावी, अन्यथा पुढील वर्षी पाहू.

उदाराम पाटलांनी हे पत्र चावडीवर मला मोठ्याने वाचायला लावलं. ‘पुढील वर्षी’ हे शब्द आले आणि एकेक जण माझ्याकडे बघू लागला.

कारण गावात मोटार होती ती माझी. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, मी गोंदियाला जाऊन मोटार घेतली. एका विडीवाल्या शेटजींची ती जुनी गाडी. तिचा मागचा अर्धा भाग कापून तिथे लाकडी हौदा बसवलेला होता. त्यातून गावाचं धान स्टेशनला न्यायचं असा माझा बेत होता. धान काही तक्रार करत नसे. आता मात्र हौद्यात साहेबांना बसवायचं होतं. पुढे का नाही, असं विचाराल, तर पुढची काच फुटलेली होती आणि दारं मुळातच नव्हती. शिवाय पत्राच्या तळाशी एक ओळ होती, की चालकाशेजारी बसणे पदास शोभणारे नाही.

“मास्तर, तुमी शिकलेले हात,” पाटील म्हणाले. “थोडी धूळ अडवाची हाय फक्त. आपल्या बापजाद्यांनी पानी अडवलं.”

हे वाक्य ऐकून मी फुगलो. सगळं पुढचं त्या फुगण्यातून निघालं.

मी हौद्यावर बांबू वाकवून छत केलं, चारी बाजूंनी ताट्या बांधल्या, वरून ताडपत्री ओढली. ताराचंद माझा ड्रायव्हर. तो गोंदियाचा, बोलायचा हिंदीत आणि ऐकायचा स्वतःचंच. त्याला म्हटलं, साहेब समजून मला स्टेशनपर्यंत ने आणि परत आण. मी धुतलेलं धोतर, पांढरा कोट, पांढरी टोपी असा जामानिमा करून हौद्यात बसलो. पहिल्या मैलावर मला समोरची ताटी दिसेनाशी झाली. दुसऱ्यावर स्वतःचे गुडघे. परत येऊन घराच्या ओट्यावर चढलो, तर आमची सावित्रीबाई तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, “मास्तर घरी नाहीत. मागून या.”

चौतीस वर्षांचा संसार. मी विहिरीवर गेलो.

तिथून सल्ल्यांना सुरुवात झाली. गावात ज्याने कधी चाक फिरताना पाहिलं होतं त्या प्रत्येकाचं धुळीबद्दल काही ना काही मत होतं. पण पाटलांचं मत सगळ्यांना पटलं, मलाही पटलं, आणि याची मला आजही लाज वाटते. पाटील म्हणाले, धूळ काय अन् पानी काय, एकच. तलावात पाणी ज्या अंगाने रेटा देतं त्या अंगाला आपण पाळ घालतो. मोटार पुढे पळते म्हणजे धूळ पुढून रेटा देते. पुढे पाळ घाला, मागून मोकळं ठेवा, म्हणजे चुकून आत आली तर सांडव्यासारखी निघून जाईल.

दुसऱ्या कुठल्या गावात माणसांनी हसण्यावारी नेलं असतं. आंबेटोल्यात सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या लोकांना भोक दिसलं की त्यांचे हात माती शोधतात. संध्याकाळच्या आत तळ्यातली चिकणमाती आली, त्यात धानाचा कोंडा आला, आठ माणसांनी पायांनी ती तुडवली आणि हौद्याच्या पुढच्या अंगाला वीतभर जाड लिंपली. तळ्यातली माती घेतली म्हणून नंतर विचारणा होईल, या भीतीने मी तिची नोंद वहीत ‘शेण’ अशी केली. दोन दिवस ती वाळली. दगडासारखी झाली. पाटलांनी तिच्यावर काठी आपटून पाहिली आणि त्यांचे डोळे पाणावले.

मी परत धोतर, कोट, टोपी. या खेपेला धुळीचा एक कणही पुढून आला नाही. सगळी मागून आली, लोंढ्याने आली, आणि पुढे पाळ असल्यामुळे तिथेच साठली. स्टेशन जवळ येईपर्यंत माझ्या मांडीएवढा थर झाला होता. तलाव म्हणून ते काम उत्तम होतं. परतताना मातीच्या वजनाने मागचा स्प्रिंगचा पाटा मोडला, आणि ताराचंदने मोटारीखाली झोपल्या झोपल्या एवढंच म्हटलं, “मास्टरजी, ये मोटर है. तालाब नहीं है.”

पाटा गोंदियाहून यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मला रस्त्यावर पाणी शिंपायची कल्पना सुचली. गावातल्या सगळ्या बैलबंड्यांवर पिपं बांधून सात मैल शिंपायचं. पण पाणी कुठलं, तर तलावाचं, आणि तलाव कचेरीचा. मी अर्ज केला. उत्तर उलट टपाली आलं, यानेच मला घाबरायला हवं होतं. त्यात लिहिलं होतं, की तलावात पाणी कमी असल्यास ते वापरू नये, आणि जास्त असल्यास तलाव गळतो ही आपली तक्रार कशी, याचा खुलासा करावा. त्यातच रस्त्याच्या कचेरीलाही कुणीतरी कळवलं. तिने बजावलं, की ओला मुरूम चाकांनी उखडतो, तरी रस्ता कोरडा ठेवण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील. मे महिन्यात आंबेटोल्याचा रस्ता कोरडा ठेवायची जबाबदारी माझ्यावर आली. ती मी चोख पार पाडली.

मग गोधड्या. ही कल्पना माझीच, तेव्हा कुणाला दोष देत नाही. ओल्या गोधड्या चारी बाजूंनी टांगल्या की धूळ त्यांना चिकटेल आणि आत गारही वाटेल. सावित्रीबाईने चार गोधड्या आमच्या लेकीच्या बाळंतपणासाठी शिवल्या होत्या, जुन्या लुगड्यांचे नऊ-नऊ थर घालून. मी त्या न विचारता घेतल्या. परत आलो तेव्हा माझ्या अंगावर धूळ नव्हती. चिखल होता. गोधड्या एकेक मणाच्या झाल्या होत्या, आणि धुतल्यावर त्यांचे नऊ थर नऊ दिशांना गेले. सावित्रीबाईने तीन दिवस ते थर उन्हात वाळवले. चौथ्या दिवशी बोलली, ते असं: “साहेबाच्या टोपीची काळजी हाय तुमाले. लेकीच्या लेकराले कायमधे गुंडाळू, ते सांगा.”

 

सत्तावीस तारखेला सहा दिवस उरले. मी मोटारीपाशी डोकं धरून बसलो होतो. समोरून धुरपताबाई चालली होती. धुरपताबाई म्हणजे गावातली सगळ्यात जुनी मातीवाली. चाळीस वर्षं तिने पाळीवर टोपल्या वाहिल्या होत्या, आणि दंड झालेल्या दोघांतला एक तिचा मुलगा होता. ती थांबली. मोटारीभोवती एक फेरी मारली.

“मास्तर, धान उफणताना कधी पायलं नाई का तुमी?” ती म्हणाली.

“पाहिलं आहे.”

“वाऱ्याकडं पाठ करून सूप धरलं का भूस कुठं जाते? आंगाच्या आडोशाले फिरून आपल्याच पोटाशी येते. तुमची मोटार बी तशीच हाय. पुढं वारा फाडून राहिली, मांगं आडोसा होऊन राहिला, आन् धूळ त्या आडोशाले येऊन राहिली. मांगून गच्च बुजवा. आन् वरतं, पुढल्या आंगानं, एक तोंड ठेवा. वरचा वारा साफ असते. तो आत भरला का धूळ कायले येते?”

तीस वर्षं मी चौथीच्या वर्गात हवेचा दाब शिकवला. पाण्याने भरलेल्या पेल्यावर कागद ठेवून पेला उलटा करायचा, पाणी सांडत नाही, मुलं टाळ्या वाजवतात. साडेसातशे तरी मुलांनी टाळ्या वाजवल्या असतील. धुरपताबाई शाळेत एकदाच आली होती, भिंत लिंपायला.

आम्ही मागची बाजू दुहेरी फळ्या ठोकून बुजवली, फटी मातीने लिंपल्या, छतावर घासलेटचा रिकामा डबा कापून त्याचं तोंड पुढे करून बसवलं. साहेबांना चढायला बाजूला एक झडप ठेवली, तीही कापडाने घट्ट. मी धोतर, कोट, टोपी घालून गेलो आणि आलो. ओट्यावर चढलो. सावित्रीबाईने माझ्याकडे पाहिलं, जवळ येऊन माझ्या बाहीवर बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. “या,” ती म्हणाली. मोटारीच्या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला मान तेवढाच.

सत्तावीस तारखेला साहेब आले. स्टेशनवर त्यांनी पांढऱ्या हातरुमालाने हौदा पुसून पाहिला, आत बसले, आणि दुसऱ्या मैलावर झोपले. मी समोर बसून त्यांचं घोरणं ऐकत होतो. इतकं समाधान मला स्वतःच्या मुलीच्या लग्नातही झालं नव्हतं. आंबेटोल्यात झडप उघडली आणि साहेब दुधासारखे पांढरे बाहेर आले. सगळं गाव जमलं होतं. लोकांनी साहेबांकडे कमी आणि त्यांच्या कोटाकडे जास्त पाहिलं.

“रस्ता फारच सुधारला आहे,” साहेब म्हणाले.

हौद्याला खिडकी नव्हती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग आम्ही पाळीवर गेलो. मे महिना. तलावात पाणी होतं ते मधल्या डबक्यात, म्हशी बसतील एवढं.

“गळतं कुठे?” साहेबांनी विचारलं.

“आता पानीच नाई जी,” पाटील म्हणाले. “पानी आलं का गळते.”

“म्हणजे सध्या गळत नाही.”

“सध्या नाई जी.”

पाटलांनी त्यांना मोहाच्या झाडाखाली नेलं. सगळं रान भाजून निघालेलं असताना तिथे चार हात जागा हिरवीगार होती. आत ओल मुरल्याची तीच एक खूण उरली होती. साहेब तिथे थोडा वेळ उभे राहिले. “हिरवळ छान राखली आहे,” ते म्हणाले. धुरपताबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शिपायाने तिला मागे व्हायला सांगितलं, आणि मी, ज्याला तिने सगळं शिकवलं होतं, तो शेजारी उभा राहून गप्प बसलो. साहेबांचा मूड चांगला होता. तो बिघडू नये असं मला वाटलं.

मंजुरी येईल याबद्दल कुणालाच शंका नव्हती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. पाटलांनी ते मला चावडीवर वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं, की सदर गावास जाण्याचा रस्ता उत्तम व धूळविरहित असून गावात आरामशीर मोटारीची सोय आहे. ग्रामस्थ सुस्थितीत दिसतात. पाळीवर हिरवळ असून प्रत्यक्ष गळती आढळली नाही. सबब दुरुस्तीची निकड नाही.

मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा कुणाला खरं वाटलं नाही. उदाराम पाटलांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. “मास्तर,” ते म्हणाले, “साहेब धुळीनं भरून आला असता तं बरं झालं असतं.” एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांच्याशी भांडलो तरी असतो.

श्रावणात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी मोहाचं झाड पाळीसकट आडवं झालं आणि बैलबंडी जाईल एवढं भगदाड पडलं. सगळं गाव टोपल्या घेऊन धावलं. माती टाकावी तशी पाणी तिला घेऊन जात होतं. दगड नेले, दारं नेली, उदाराम पाटलांनी आपली रेंगी ढकलली, तीही काडीसारखी गेली. खाली रोवणी होऊन आठच दिवस झालेले धान हिरवं उभं होतं.

“एवढं जड काय हाय गावात?” कुणीतरी ओरडलं.

धुरपताबाईने माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, तुमची मोटार. मांगून गच्च हाय ना?”

मी हो म्हणालो. माझ्या तोंडून तो शब्द इतका सहज गेला, की आजही मला त्याचा थोडा अभिमान वाटतो. तेवढाच एक अभिमान आता शिल्लक आहे. वीस माणसांनी मोटार पाळीवर ढकलत आणली. ताराचंद “अरे, अरे” करत होता, मग तोच चाक धरून तिला नेमकी वळवून बाजूला उडी मारून मोकळा झाला. मोटार आडवी पडली आणि हौदा भगदाडात अडकून बसला. दुहेरी फळ्यांवर माती पडत गेली, पायांनी तुडवली गेली, आणि दिवस मावळायच्या आत पाणी थांबलं. पाळीच्या वर फक्त घासलेटच्या डब्याचं तोंड दिसत होतं.

धान वाचलं. सगळं नाही, वरच्या चार बांध्या गेल्या, पण गाव वाचलं.

पंधरा दिवसांनी कचेरीची नोटीस आली. सरकारी पाळीत विनापरवाना मोटार कोणी घातली, कोणाच्या हुकमाने घातली, आणि ती केव्हा काढून घेणार, याचा खुलासा करावा. न केल्यास पेन्शनबाबत विचार करावा लागेल. मी उत्तर लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा सरळ लिहिलं, की मोटार मी घातली, हुकूम कुणाचा नव्हता, आणि ती काढता येत नाही, कारण तलाव तिच्यावर टेकलेला आहे. साहेबांनी आत्ताच येऊन पाहावं. आत्ता गळतीची जागा दिसेल, आणि श्रावणात रस्त्यावर धूळ नसते.

हे शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला. श्रावणात धूळ नसते. चिखल असतो, पण साहेबांच्या घशाला चिखलाचं वावडं नव्हतं. नियमाविरुद्ध एकदा भांडून त्यांना पावसाळ्यात बोलावलं असतं, तर ती मनगटाएवढी धार त्यांच्या बुटावर पडली असती. आम्ही महिनाभर धुळीशी लढलो, आणि नियमाला कुणी हात लावला नाही. तो लिहिलेला होता ना. लिहिलेलं खोडायचं नाही, हे गावाला तीस वर्षं मीच शिकवलं होतं.

कचेरीचं उत्तर आलं ते मी पाळीवरच फोडलं. धुरपताबाई तिथे बसून ओली माती थापत होती. तिला वाचता येत नाही म्हणून मोठ्याने वाचलं: पावसाळ्यात पाहणी करण्याचा नियम नाही. साहेब स्वतः मे महिन्यात येऊन मोटारीची पाहणी करतील. स्टेशनपासून पूर्वीचीच धूळविरहित मोटार तयार ठेवावी.

“पूर्वीचीच कोनती जी?” धुरपताबाईने विचारलं.

मी पायाखाली बोट दाखवलं. ती हसली नाही. मीही नाही. डब्याच्या तोंडातून आत पाणी झिरपत होतं. मी पत्राची घडी केली, आणखी एक केली, आणि डब्याच्या तोंडात कोंबली. धुरपताबाईने वरून दोन मुठी माती लावली आणि टाचेने घट्ट दाबली. ती जागा आता गळत नाही.